सहा हात उलटे, तीन सुलटे

हिराजी नाखव्याच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. उजवा हात मात्र चांगला केसाळ. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचारा कधीतरी भाजला असावा, आणि मी तसं हळहळून बोललोही. त्यावर धक्क्यावरचा हमाल फिदीफिदी हसला. "भाजतोय कशाला मास्तर? धार बगतो तो. सुरी लागली का नाय ते हातावर फिरवून बगतो. केसांना उगवायला सवडच कुठं हाय?"

हे मोऱ्याचं सांगतोय, उरणजवळच्या मोरा बंदराचं. आता तिकडे सगळीकडे नवी मुंबईच पसरत चालली आहे म्हणतात. तेव्हा महाराष्ट्र राज्यसुद्धा व्हायचं होतं. मुंबईहून लाँच यायची, जायची, आणि मधल्या वेळात गाव सुक्या बोंबलांच्या वासात झोपा काढायचं. मी लाँचच्या तिकीट खिडकीतला कारकून. गाव मला मास्तर म्हणे आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नाही. मूळचा वाईकडचा, मासे न खाणारा. अशा माणसाची बदली कुठं करावी याला काही धरबंध? पण साहेबांपुढे कोण बोलणार! कोळीवाड्याच्या टोकाला खोली मिळाली आणि भिंतीला भिंत लावून शेजार मिळाला तो हिराजीचा.

नाखवा म्हणजे होडीचा मालक. पण होडी त्यानं केव्हाच विकली होती. बायको फार वर्षांपूर्वी बाळंतपणात गेलेली, मूलही राहिलं नाही. पन्नाशी उलटलेला, अंगानं काटक, कमरेला रुमाल, डोक्याला लाल कानटोपी. उद्योग एकच. गावातली बोथट पाती हुडकायची आणि त्यांना धार लावायची. धंदा म्हणून नव्हे हं. खाज म्हणून. बोथट सुरी कुणाच्या घरात आहे हे कळलं की त्याला जेवण जात नसे. आपण रस्त्यात एकमेकांना "काय, बरं आहे ना?" विचारतो. हिराजी विचारी, "विली कशी हाय?" बायको-पोरांची चौकशी नंतर, आठवण राहिली तर.

माझी आणि त्याची ओळख अशीच झाली. मी ओट्यावर बसून संत्रं सोलत होतो. हातात चाकू होता, वडिलांनी दिलेला, पेन्सिली तासून तासून पार म्हातारा झालेला. हिराजी समोर येऊन उभा राहिला. नाव नाही, गाव नाही. चाकूकडे बघत म्हणाला, "आजारी हाय."

"कोण?"

"ह्यो. द्या हितं." आणि चाकू घेऊन गेला. संत्रं अर्धं सोललेलं तसंच राहिलं. चार दिवसांनी चाकू परत आला तो असा, की पहिल्याच पेन्सिलीला माझं बोट घेऊन बसला. मी चिंधी बांधत शिव्या घालत होतो आणि हा भिंतीपलीकडून समाधानानं म्हणत होता, "लागला का? मंग बरा झाला तो."

त्याचं आवडतं वाक्य होतं, "लोखंड खोटं बोलत नाय." पातं हातात धरून तो घर सांगे. माझी बायको कमल बिऱ्हाड घेऊन आली त्या दिवसाची गोष्ट. ट्रंका अजून दारातच होत्या. हा सरळ स्वयंपाकघरात शिरला, विळी उचलली, उजेडाला धरून एक डोळा मिटून बघितली आणि म्हणाला, "वयनी, कांदा तुमी रागात चिरता."

कमल चपापली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हिनंच. हितं बगा, मधोमध दाबलेली हाय. शांत बाय पुढून मागं चिरते. राग आला का मधीच दाबते. लोखंड खोटं बोलत नाय." कमलनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी ट्रंका मोजायला बाहेर गेलो.

अशा माणसाला लोक घरात घेत कसे, असं तुम्ही म्हणाल. घेत, कारण त्यानं धार लावलेल्या कोयत्यानं सुरमई लोण्यासारखी उतरे. पण लग्नकार्याला मात्र त्याला आमंत्रण द्यावं की नाही यावर घराघरात वाद होत. एका हळदीला यानं चुलाणाजवळ जाऊन सातही विळ्या गोळा केल्या आणि मांडवामागे धार लावत बसला. इकडे वांग्यांचे ढीग पडलेले, बायका हातावर हात ठेवून बसलेल्या, यजमान विनवण्या करतोय. हा म्हणे, "घाई असंल तर दातांनी तोडा." पंगत उठायला उन्हं कलली.

आणि न्हाव्याचं तर मला भोवलं. उरणला दाढी करायला बसलो होतो. एक गाल झाला होता, दुसऱ्याला साबण होता. हिराजी रस्त्यानं चालला होता, वस्तऱ्याचा आवाज ऐकून आत आला. आवाज ऐकून, बरं का! न्हाव्याच्या हातून वस्तरा काढून घेतला आणि "ह्या वस्तऱ्यानं मानूस कुरतडशील" म्हणत तो बाहेर पायरीवर बसला. न्हावी चिडला, शिव्या देत उठून चहाला गेला तो येईना. माझी लाँचची वेळ झाली. त्या दिवशी सकाळची सगळी तिकिटं मी एका गालाची दाढी करून विकली. खिडकीतून उतारू हसत होते. एकीनं तर विचारलं, "मास्तर, दुसरा गाल कुनाला दिला?"

तर असा हा हिराजी. पण गावातलं एक पातं असं होतं ज्याला तो कधी हात लावत नसे. ते म्हणजे त्याच्या सख्ख्या बहिणीचा कोयता.

जानकीबाई तीन घरं सोडून राहायची. बाजारात बसून मासळी कापणारी बाई, विधवा, आवाज असा की लाँचच्या भोंग्याची गरज पडू नये. भावाबहिणीचं एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. कारण कोणी सांगत नसे, आणि विचारलं तर लोक जाळी बघायला लागत. रोज सकाळी बाजाराला जायच्या आधी जानकीबाई आपल्या घराच्या दगडी पायरीवर कोयता घासायची. खर्र, खर्र, खर्र. तो आवाज आला की हिराजीनं हातातलं काम थांबवलंच. डोळे गच्च मिटून, दात आवळून बसे. घासणं संपलं की पुटपुटे, "उलटं घासते. जलम गेला, उलटंच घासते." मला वाटे, धारेच्या वेडापायी याला ते सहन होत नाही. मी दोन-तीनदा चेष्टाही केली. माणसाला काय कळतं हो दुसऱ्याचं!

चैत्रात कोळीवाडा कार्ल्याच्या देवीच्या जत्रेला निघाला. जानकीबाई मुलाबरोबर गेली, शुक्रवारी परत येणार होती. वाळत घातलेली मासळी राखायला नवी सून मागे राहिली. यमुना तिचं नाव. लग्नाला तीन महिने झाले होते. नावडे गावची पोर, भातशेतीच्या घरातली. तिला मासळीतलं फारसं कळत नव्हतं आणि ते जानकीबाई तिला दिवसातून दहा वेळा सांगत असे. निघतानाही दारातून ओरडून गेली होती, "सगलं कर, पन माज्या कोयत्याला हात लावू नको!"

मंगळवारी दुपारी मी हिराजीच्या पडवीत बसलो होतो. यमुना आली. पदराखाली काहीतरी लपवलेलं, रडून रडून डोळे सुजलेले. तिनं पदर काढला आणि ती वस्तू आमच्यापुढे जमिनीवर ठेवली. कोयता होता तो, पण तसं सांगावं लागलं असतं. काळानिळा पडलेला, टोक वाकडं, धार लाटेसारखी वरखाली, आणि तिच्यात दोन खांडं, एकेक करंगळीच्या नखाएवढं.

"काय केलंस पोरी?" मी विचारलं.

केलं होतं ते चांगल्यासाठीच. सासूला खूश करायचं होतं. कोयत्याला वर्षानुवर्षांचा वास आणि मुठीजवळ गंज. नावड्याला लोहार विळे आगीत घालतो ते तिनं लहानपणापासून पाहिलेलं. पुढे तो काय करतो तेवढंच पाहिलेलं नव्हतं. हिनं कोयता चुलीच्या निखाऱ्यात घातला, लाल होऊ दिला आणि काढून गार व्हायला ठेवला. गंज गेला, वास गेला. मग घोळ माशाचं डोकं कापून बघितलं तर धार दुमडली. मग आठवलं, लोहार पाण्यात बुडवतो. पुन्हा लाल केला आणि रांजणात बुडवला. मग दुमडलेली धार सरळ करायला वरवंटा घातला, तर दोन तुकडे टणकन उडाले.

"एक चुलीत ग्येला, एक मी शोधून ठेवलाय," असं म्हणून तिनं मुठीतला तो नखाएवढा तुकडा दाखवला आणि पुन्हा रडू लागली. "मामा, आये मना ठेवनार नाय. नावड्याला धाडतील. त्यांच्या आयची आठवन हाय ती."

मला वाटलं, आता हिराजी हिला फाडून खाणार. साध्या विळीनं सुतळी कापली तर हा शेजाऱ्यांना तीन दिवस बोल लावायचा. पण तो हात मागे बांधून कोयत्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घेऊन जा. मी हात लावनार नाय."

मला असा संताप आला! "नाखवा, अख्ख्या गावाच्या चुलीत नाक खुपसता, आणि ही पोर पाया पडतेय तर सोवळं आठवलं? बहिणीचं भांडण या मुलीवर काढता? लाज वाटायला हवी."

हिराजी खाली बसला. डोक्यावरची टोपी काढून हातात फिरवू लागला. मग जे त्यानं सांगितलं ते एकोणीस वर्षांत बहुधा कोणालाच सांगितलं नसावं.

कोयता त्यांच्या आईचा. ती याच बाजारात मासळी कापायची. तिचा हात एका ठरावीक जागी पडे, त्यामुळे पातं तिथं झिजून कमरेसारखं आत गेलं होतं. आई गेली तेव्हा हिराजी होडीवर होता. परत आला तो दिवसकार्य उरकल्यावर. आईनं कोयता जानकीला ठेवलेला. "मना वाटलं, आपन काय देनार बहिनीला? तर हा कोयता नीट करून देऊ. वाकडा झालेला, मधी खपलेला. दिसभर बसलो मास्तर. सगला सरल केला. असा केला का केस सोडा, सावली कापंल. आनि नेऊन दिला. तिनं बगितला. उलटा केला, सुलटा केला. मना म्हनाली, 'आय कुठं हाय यात?'"

त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली.

"आयचा हात पुसला मी. रगडून रगडून पुसला. तवापासून ती माज्याशी बोलली नाय, आनि बरोबरच हाय ते. आता ह्यात एकोनीस वर्सांचा तिचा हात हाय. तो पन मीच पुसू?"

यमुना रडायची थांबली होती. तिनं डोळे पुसले आणि फार साधेपणानं विचारलं, "मंग मामा, ज्याला त्यांचा हात ठाव हाय असा दुसरा कोन हाय गावात?"

हिराजीनं मुंडी हलवली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तो कोयता उचलला.

त्यानंतरचे दोन दिवस मी लाँचच्या वेळा सोडून उरलेला सगळा वेळ त्या पडवीत काढला. कोळशाची शेगडी, तिला हातभाता. आधी त्यानं कोयता तापवून राखेत पुरला, हळूहळू गार होऊ दिला. म्हणजे लोखंड मऊ पडतं. मग चिंचेच्या ओंडक्यावर ठेवून लाकडी हातोड्यानं टोक सरळ केलं, लाटा बसवल्या. खरी अडचण पुढे होती. खांडं काढायची तर सबंध धार तांदळाच्या दोन दाण्यांइतकी मागे घ्यायला हवी. आणि धार मागे घेतली की आकार गेला, म्हणजे जानकीबाईचा हात गेला.

तो कानस हातात घेऊन बसला आणि घासेना. एकदम म्हणाला, "सुनबाय, तुज्या आयेचा मासे कापायचा ठोकला आन."

यमुना तो लाकडी ठोकळा घेऊन आली. रोज त्यावरच कोयता चाले, त्यामुळे मधोमध खोल झिजलेला. हिराजीनं कोयत्याची धार त्या खळग्यात उभी धरली. जुन्या आकाराचा भाग बरोबर बसला, बिघडलेल्या जागी फट दिसली. मग मात्र त्याचा हात चालू झाला. चार वेळा कानस मारायची, ठोकळ्यात धरून बघायचं, पुन्हा चार वेळा. बुधवारचा अख्खा दिवस. खांडं गेली आणि जानकीबाईच्या रोजच्या घासण्यानं दोन्ही टोकं झिजून पात्याला मधोमध आलेला फुगीरपणा होता तिथंच राहिला, फक्त थोडा आत सरकून.

गुरुवारी सकाळी पाणी द्यायचं होतं. पाणी देणं म्हणजे पातं तापवून बुडवायचं, त्यानं कडकपणा येतो. पण पाण्यात नव्हे, हिराजी म्हणाला, तेलात. आणि तेल कसलं, तर मुशी माशाचं, होड्यांना चोपडतात ते. लालबुंद कोयता त्या तेलात गेला आणि जो धूर निघाला तो तुम्हाला सांगून कळणार नाही. माझ्या सात पिढ्यांत कुणाच्या नाकात असलं काही गेलं नसेल. कमलनं भिंतीपलीकडून खिडकी आपटून लावली.

मग पातं थोडं घासून चकचकीत केलं आणि पुन्हा मंद आचेवर धरलं. कडक लोखंड ठिसूळ असतं, त्याला जरा उतरवावं लागतं, आणि कुठं थांबायचं ते रंगावरून ठरतं. पण धुरानं हिराजीचे डोळे इतके झोंबले होते की त्याला काही दिसेना. "पिवला झाला काय? पिवला झाला काय?" करत होता. मी म्हटलं, "पिवळाच आहे." "कसला पिवला? हलदीचा का लिंबाचा?" मी गोंधळलो. मला सगळे पिवळे सारखेच.

यमुना पुढे वाकली. "थांबा मामा. अजून नाय... अजून नाय... झाला! पेंढ्याचा रंग. सुकल्या भाताचा पेंढा."

हिराजीनं कोयता झटकन बाजूला घेतला. "पेंढाच पायजे. शाबास गो पोरी." ती पोर तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली असावी.

दुपारपर्यंत दगडावर घासून धार आली. आता हातावर फिरवून बघणार म्हणून मी सरसावून बसलो. त्यानं फिरवला नाही. अंगठ्यानं चाचपून म्हणाला, "आजून धा हात मारले तर केस उडंल."

"मग मारा की."

"नको. ती मारते तेवडीच पायजे. माजी धार वलखंल ती." आणि उठला. "चला. राहिलेलं हितं व्हायचं नाय."

तो गेला सरळ जानकीबाईच्या दारात. पायरीपाशी थबकला. एकोणीस वर्षांत त्या पायरीला त्याचं पाऊल लागलं नव्हतं. मग खाली मान घालून तिच्यावर बसला, दगडावर पाण्याचा हात फिरवला आणि कोयता घासू लागला. उलटा. म्हणजे ज्या पद्धतीला तो एकोणीस वर्षं दात आवळत होता, त्या पद्धतीनं. कसबी माणसाला मुद्दाम चुकीचं करणं फार जड जातं. कपाळावर घाम डवरला होता. मध्येच मान तिरकी करून आवाज ऐके, नाराज होऊन हाताचा कोन बदले, पुन्हा घाशी. मग एकदम तो आवाज लागला. तीच खर्र, खर्र. मी डोळे मिटले असते तर जानकीबाईच बसली आहे म्हटलं असतं.

"सहा हात उलटे," तो स्वतःशी म्हणाला. "मंग पानी. मंग तीन सुलटे. मंग मुठीपाशी एक बारका."

"हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"रोज मोजतो ना."

मला माझीच लाज वाटली. मी ज्याला वेड समजून हसत होतो, तो माणूस रोज सकाळी काम टाकून, डोळे मिटून, बहिणीचे हात मोजत बसत होता. तीन घरांवरून तेवढंच त्याच्या वाट्याला येत होतं. मी बावळटासारखा समुद्राकडे बघत उभा राहिलो.

आणि तेवढ्यात वाटेवरून जानकीबाईचा आवाज आला. शुक्रवारची बाई गुरुवारीच हजर! उरणपर्यंत येणारा ट्रक मिळाला म्हणे. कपाळभर भंडारा, काखेत प्रसादाचा नारळ, मागे मुलगा बोचकं घेऊन. ती कोपऱ्यावरून वळली आणि जागच्या जागी थांबली. तिच्या पायरीवर तिचा भाऊ बसला होता आणि त्याच्या हातात तिचा कोयता होता.

हिराजीला उठायचंही सुचेना. यमुना दारातून धावत आली आणि सासूच्या पायांवर पडली. "आये, मामांनी काय नाय केलं. मी जालला. आगीत घातला, वरवंट्यानं ठोकला. सगलं मी केलं. मामांनी दोन दिस खाली मान घालून नीट केला."

जानकीबाईनं नारळ मुलाच्या हातात दिला. हिराजीपुढे हात केला. त्यानं कोयता मुठीकडून तिच्या हातात ठेवला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला. धारेवरून अंगठा फिरवला, फुगीर भागापाशी जरा थांबवला. मग शेजारणीच्या पाटीतून एक बोईट उचलला, आत जाऊन आपला ठोकळा शोधला, नाही सापडला तशी ओरडली, "ठोकला कुठं हाय?" यमुना धावत जाऊन तो हिराजीच्या पडवीतून घेऊन आली. जानकीबाई ओट्यावर बसली आणि तिनं मासा कापला. डोकं, शेपूट, मग चार तुकडे. हिराजी खाली बघत होता. त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

"बोथट हाय," जानकीबाई म्हणाली.

मला वाटलं, संपलं.

"बोथट ठेवलास तू, हिऱ्या. तुज्या हातचा असून बोथट? लाज नाय वाटत? धार लाव."

हिराजीनं वर बघितलं. "जानके, धार लावली तर... तुजा हात जाईल यातला."

"जाईना." तिनं कोयता त्याच्यापुढे धरला. "तवा आय मेलेली व्हती, तिचा कुठून आननार व्हतास? मी मेलीय काय? जिती हाय अजून. रोज कापीन, तसा पडंल परत."

हिराजीनं कोयता घेतला. डाव्या मनगटानं तोंड पुसलं, तोंड म्हणजे डोळेच, आणि कोयता दगडावर ठेवला. पहिला हात सरळ पडला नाही. जानकीबाईनं सुनेकडून पाण्याचा तांब्या मागून घेतला, त्याच्याजवळ पायरीवर येऊन टेकली आणि दगडावर बारीक धार धरली. लाँचचा भोंगा झाला तरी मी तिथून हललो नाही.

"जास्ती नको," हिराजी खाली मान घालून म्हणाला. "थोडं कमी."

तिनं पाणी थोडं कमी केलं.